तलावांच्या मुलखातील पाण्याचा हिशेब

सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त प्रकाशित होणाऱ्या या स्मरणिकेसाठी आपल्या परिसराच्या इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली, वडिलांच्या कापडाच्या गादीवर बसलो आणि त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे कापड मोजण्यात व खतावण्या लिहिण्यात गेली. परंतु विचार करता करता लक्षात आले, की आमच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या एका साध्या वस्त्राशी या परिसराचा फार मोठा इतिहास बांधला गेलेला आहे. ते वस्त्र म्हणजे पाणी गाळण्याचे गाळणे.

माझ्या लहानपणी चातुर्मासाच्या आधी समाजातील वडीलधाऱ्या स्त्रिया गाळण्याचे कापड घेण्यासाठी दुकानात येत. त्यांची पारख कडक असे. जाड, घट्ट विणीचे सुती कापड हातात घेऊन त्या ओट्यावर जात आणि ते सूर्यासमोर धरून पाहत. कापडातून सूर्याचे बिंब दिसले, तर ते कापड परत येई. पसंत पडलेले कापड दुहेरी घडी करून भांड्याच्या तोंडापेक्षा बरेच मोठे ठेवण्याची रीत होती. पाणी गाळून झाल्यावर गाळण्यात राहिलेली जिवाणी गाळलेल्याच पाण्याने हळुवार धुऊन, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत, पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत अलगद सोडली जाई. वरून ओतली जात नसे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटकांची, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांची. त्यानंतर ते पुन्हा गाळावयाचे.

या आचारामागील अहिंसेचा विचार आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याची दुसरी बाजू मला फार उशिरा उमगली. जिवाणी परत सोडावयाची, तर आपल्या घागरीतील पाणी कोठून आले, हे प्रत्येक घराला माहीत असावे लागे. ती विहीर जिवंत असावी लागे. आज आपल्या घरी तोटीला कापड बांधलेले असते, पाणी गाळले जाते. पण जिवाणी सोडावयाची कोठे, या प्रश्नाला आपल्यापैकी बहुतेकांकडे उत्तर नाही. हा लेख त्या प्रश्नातून निर्माण झाला आहे.

पाऊस भरपूर, तरी टंचाई

बाहेरगावचे व्यापारी मला अनेकदा विचारतात, “तुमच्याकडे एवढा पाऊस पडतो, मग उन्हाळ्यात टँकरची भाषा कशाला?” प्रश्न योग्यच आहे. गोंदिया जिल्ह्यात सरासरीने वर्षाला बाराशे मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. मराठवाड्यातील किंवा अहिल्यानगर-सोलापूरकडील दुष्काळी तालुक्यांच्या मानाने हा दुपटीहून अधिक आहे. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर एका वर्षात सुमारे एक लाख दहा हजार लिटर पाणी पडते, एवढे सांगितले तरी त्याचे मोल कळावे.

परंतु हे पाणी जवळजवळ सगळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येते. आपल्या भागात जमिनीखाली बहुतांशी कठीण, प्राचीन खडक आहे. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीसारखे तो पाणी पोटात साठवीत नाही. भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात जेवढे मुरेल तेवढेच. उरलेले पाणी नाल्यांतून बाघ नदीला, बाघेतून वैनगंगेला आणि पुढे गोदावरीतून समुद्राला जाते. त्यातच आपले मुख्य पीक धान. आवत्या असो की रोवणा, धानाच्या बांधीत पाणी उभे राहावे लागते. सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, भारी धान लोंबीवर येत असताना पावसाने दगा दिला, तर चार महिन्यांचे कष्ट एका पंधरवड्यात वाया जातात. म्हणून आपल्या पूर्वजांचा प्रश्न पाणी मिळविण्याचा नव्हता; मिळालेले पाणी थोपवून, हवे तेव्हा देण्याचा होता. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तलाव.

तलाव बांधणारांचा इतिहास

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा अखंड भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखला जात असे. हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. ते माणसांनी बांधले आहेत. चांद्याच्या गोंड राजांच्या काळी जंगल तोडून शेती करणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची पद्धत होती. तलावासाठी दिलेल्या अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपुरात आजही तुकूम नावाची वस्ती आहे. राजाने खजिन्यातून तलाव न बांधता बांधणाऱ्याला त्या पाण्याचा लाभ दिला. व्यापारी म्हणून मला या योजनेचे नेहमीच कौतुक वाटते, कारण तलाव टिकला तरच त्या जमिनीचे मोल टिकणार, हे देणाऱ्यालाही ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही.

या कामात सर्वांत नाव मिळविले ते कोहळी समाजाने. गोंड राजाने त्यांना तलाव बांधण्यासाठी काशीहून आणले, अशी दंतकथा आहे. रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही कोहळ्यांच्या तलाव बांधण्याच्या व ऊस पिकविण्याच्या कौशल्याची नोंद आढळते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. डोंगरांच्या मधल्या खिंडी बांधांनी बंद करून, उरलेले काम डोंगरांकडूनच करवून घेण्याची ही युक्ती पाहिली, की कोणत्याही पदवीशिवाय त्या माणसांनी भूमीचा उतार कसा वाचला असेल, याचे आश्चर्य वाटते.

लहान तलावांची रचनाही अशीच विचारपूर्वक केलेली असे. वरच्या अंगाला जंगल किंवा पडीत जमीन, मध्ये मातीची पाळ, पाणी सोडण्यासाठी तुडुम, जादा पाणी सुरक्षित वाहून जाण्यासाठी सांडवा आणि खाली धानाच्या बांध्या. एका तलावातून सुटलेले पाणी खालच्या तलावात जाई, तेथून त्याखालच्या बोडीत. उतारावर एकामागून एक बसविलेले हे तलाव पावसाचा जोर तोडीत आणि वाटेत जमिनीत पाणी मुरवीत. तलाव सिंचनासाठी होता, तसाच गुरांसाठी, धुण्यासाठी आणि विहिरींसाठीही होता. “तलाव भरला की आपली विहीर बोलते,” असे माझे वडील म्हणत. तलावाखालच्या विहिरींना पाझराचे पाणी मिळते, हे भूजलशास्त्र त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

कामठा : जमीनदारी आणि पेठ

कामठ्याचे नाव या इतिहासात जमीनदारीमुळे येते. कामठा ही जुन्या भंडारा जिल्ह्यातील प्रमुख जमीनदाऱ्यांपैकी एक होती. १८१८ साली, नागपूरच्या भोसल्यांचा पराभव होऊन इंग्रजांचा अंमल बसत असताना, कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल यांनी उठाव केला. तो मोडून काढण्यात आला आणि जमीनदारी त्या कुणबी घराण्याकडून लोधी घराण्याकडे गेली. पुढे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि त्या दशकातील जमीनबंदोबस्तात मालगुजारांना गावावर मालकी हक्क मिळाले. गावाच्या मालकीबरोबर तलावाचीही मालकी आली. म्हणून हे तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. आज सरकारी कागदांत त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि लोकांच्या तोंडी थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. नव्या पिढीतील काहींना तो कोणा मामांचा तलाव वाटतो, म्हणून हा खुलासा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आली, गोंदिया हे जंक्शन झाले आणि व्यापार तिकडे वळला. राजस्थान, गुजरात व बुंदेलखंड येथून आलेली आपल्या समाजातील अनेक कुटुंबे याच काळात आणि त्यानंतर या परिसरातील लहान-मोठ्या पेठांत स्थिरावली. आपल्या पूर्वजांनी येथे दुकाने थाटली, ती धानाच्या भरवशावर. धान पिकले की कापड खपे, दिवाळीनंतर लग्नसराईची उधारी वसूल होई. धान बुडाले की खतावणीतील नावे पुढच्या वर्षावर जात. आमच्या जुन्या वह्यांतील येणे-बाकीच्या आकड्यांवरून कोणत्या वर्षी तलाव भरले नव्हते, हे जाणकार माणूस सांगू शकेल. आपण नांगर धरला नाही, तरी आपले घर तलावाच्या पाण्यावरच चालले, हे ऋण मान्य केले पाहिजे.

दुष्काळाने दिलेला धडा

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची दाणादाण उडविली. त्यानंतर १९०१ साली नेमलेल्या सिंचन आयोगाने देशभरातील सिंचनाचा आढावा घेतला आणि सरकारने या प्रांतात पाटबंधाऱ्यांकडे लक्ष वळविले. आपल्या जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यातील बोदलकसा व चोरखमारा हे तलाव विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतील होत. स्वातंत्र्यानंतर गाढवी नदीवर इटियाडोह, बाघ प्रकल्पात शिरपूर, पुजारीटोला व कालीसराड अशी धरणे झाली. या मोठ्या कामांनी जिल्ह्याचे भले केले, यात शंका नाही. परंतु गावागावातील लहान तलावांची जागा ती घेऊ शकत नाहीत. कारण कालवा पोहोचत नाही त्या टोकाच्या गावालाही पाऊस मात्र पोहोचतो.

मालकी गेली, जबाबदारी कोणाकडे?

आता या इतिहासातील कळीच्या घटनेकडे येतो. मध्य प्रदेश शासनाने १९५० साली मालकी हक्क संपुष्टात आणणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी व जमीनदारी संपली. गावाबरोबर तलावही शासनाच्या मालकीचे झाले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव त्यांच्याकडे आले. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून अधिक मामा तलाव आहेत.

मालगुजारी गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. त्या व्यवस्थेत वेठबिगार होती. पाळीवर माती टाकणाऱ्या हातांना त्या पाण्याचा न्याय्य वाटा नेहमीच मिळाला, असे नव्हे. लोकशाहीत गावाचा एक मालक असू शकत नाही, हे योग्यच झाले. परंतु जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. पावसाळ्यापूर्वी पाळ कोणी दुरुस्त करावयाची, तुडुम कोणी उघडावयाचे, पहिले पाणी कोणाच्या बांधीला, गाळ कोणी उपसावयाचा, हे ठरलेले असे. उन्हाळ्यात आटलेल्या तलावातील गाळ बैलगाड्यांनी शेतात जाई. तो शेताला खत होई आणि तलाव खोल राही. एकाच कामात दोन्ही खाती जमेची.

१९५१ नंतर गावकऱ्यांचे पाण्यावरील हक्क कागदावर टिकले. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या जुन्या नोंदींना १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही स्थान आहे. मात्र हक्काबरोबरची कामाची वाटणी कोठेही लिहिली गेली नाही. गावकरी म्हणाले, तलाव सरकारचा; सरकारी कार्यालय म्हणाले, निधी आला की पाहू. मध्ये तलाव गाळाने भरत गेला.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्याच तासाला घसारा शिकवितात. कोणतीही मालमत्ता वापराने झिजते; त्या झिजेची तरतूद दरवर्षी हिशेबात दाखविली नाही, तर ताळेबंद सुंदर दिसतो आणि धंदा आतून पोकळ होतो. तलावाचा घसारा म्हणजे गाळ. दहा हेक्टरच्या तलावात एक हात, म्हणजे सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर गाळ साचला, तर साडेचार कोटी लिटर पाण्याची जागा नाहीशी होते. सातबाऱ्यावर तलाव तेवढाच दिसतो, नकाशावर क्षेत्र तेवढेच राहते. पण पाणी माघ-फाल्गुनातच संपते. आम्ही सर्वांनी मिळून सत्तर वर्षे घसारा न दाखविता ताळेबंद मांडला.

ज्या समाजाशी आपला व्यवसाय जुळत नाही

तलावांवर सर्वांत जवळून नजर ठेवणारा समाज म्हणजे ढिवर. त्यांची उपजीविका मासेमारीवर आहे. आपल्या धर्मविचारात मासेमारीला स्थान नाही आणि या स्मरणिकेत तिचा गौरव करण्याचा माझा हेतू नाही. परंतु इतिहास लिहावयाचा तर खरा लिहावा. तलावातील पाणवनस्पतींची नावे, पाण्याची खोली, गाळाची जात, पक्ष्यांच्या येण्याजाण्याचे दिवस हे ज्ञान आज कोणाकडे शिल्लक असेल, तर ते या समाजाकडे. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर यांच्या संस्थेने आणि निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर समाजातील महिलांनी तलावांत माजलेली बेशरम काढली, उन्हाळ्यात तळाची नांगरट केली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. नष्टप्राय झालेल्या तलावांत जीवसृष्टी परतली. त्यांचा हेतू आणि आपला हेतू वेगळा असेल, पण तलाव जिवंत राहावा येथवर दोघांची वाट एकच आहे.

जीवसृष्टीचा उल्लेख आला म्हणून सारस पक्ष्याविषयी दोन शब्द. माणसाएवढ्या उंचीचा हा पक्षी जोडीने राहतो आणि धानाच्या बांध्या व तलावांच्या काठी घरटे करतो. महाराष्ट्रात तो आता मुख्यत्वे आपल्या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. गेली अनेक वर्षे स्थानिक निसर्गप्रेमी आणि शेतकरी मिळून त्याच्या घरट्यांची राखण करीत आहेत. तलाव आटला की सारस जातो. अहिंसेचा विचार आपण ताटापर्यंत आणि पाण्याच्या घागरीपर्यंत नेला. तो तलावाच्या काठापर्यंत नेण्यास काय हरकत आहे?

नळ आला, विहीर झाकली

येथवर शासनाला व इतरांना दोष देऊन झाला. आता आपल्या घराकडे पाहू.

आपल्या मंदिराच्या आवारात दगडी बांधणीची एक विहीर होती. जुन्या मंडळींना ती आठवत असेल. पहाटे अभिषेकाचे पाणी त्याच विहिरीतून काढले जाई. पाणी काढणारा स्नान करून, शुद्ध वस्त्र नेसून येई. बादलीच्या तळाला कडी असे. जिवाणी सोडताना ती बादली पाण्यापर्यंत उतरवून दोरीला हलका झटका दिला, की बादली उलटून पाण्याचे पाण्यात मिळे. लहानपणी मला ते पाहण्याची फार गोडी होती.

सुमारे तीस वर्षांपूर्वी नळयोजनेचे पाणी नियमित येऊ लागले. विहिरीच्या काठावर शेवाळ साचे, लहान मुले वाकून पाहत, त्यामुळे काळजी वाटे. शिवाय कार्यक्रमांसाठी मांडवाला जागा अपुरी पडत होती. ट्रस्टच्या सभेत विहिरीवर स्लॅब टाकण्याचा ठराव मांडला गेला आणि एकमताने मंजूर झाला. एक वयोवृद्ध सभासद तेवढे म्हणाले, “जिवाणी कोठे सोडणार?” त्यावर सभेत कोणी उत्तर दिले नाही. कार्यवृत्तात त्यांचा प्रश्न लिहिला गेला नाही. त्या ठरावाचा सूचक मी होतो.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने जुनी कार्यवृत्ते चाळताना ते पान पुन्हा समोर आले. खाली माझी सही आहे, अक्षर तरुण आहे. त्या वेळी मला वाटले होते, की आपण सुधारणा करीत आहोत. विहीर झाकल्यावर तिचा उपसा थांबला, उपसा थांबला म्हणून साफसफाई थांबली, आणि दहा-पंधरा वर्षांत आवारात कूपनलिका खोदण्याची वेळ आली. ती कूपनलिकाही आता मे महिन्यात हवा फेकते. वर स्लॅबवर आपण पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचून ठेवतो. ही चूक कोणा कार्यालयाची नाही, कोणा जुन्या मालगुजाराची नाही. ती आपली आणि विशेषतः माझी आहे.

गावागावात हेच घडले. कूपनलिका आल्या, त्यांच्या बळावर उन्हाळी धान वाढले आणि ज्या काळात विहिरींना विश्रांती हवी त्याच काळात उपसा सर्वाधिक होऊ लागला. शहरांचीही गोष्ट वेगळी नाही. गोंदिया शहराला वैनगंगेवरील डांगोर्ली येथून पाणी मिळते. गेल्या दशकातील काही उन्हाळ्यांत तेथील पात्र आटले आणि पुजारीटोला धरणातून पाणी सोडून ते नदीपर्यंत आणावे लागले. ज्या जिल्ह्यात हजारांवर तलाव, तेथील जिल्ह्याच्या ठिकाणाला दूरच्या धरणाकडे तोंड करावे लागते, यापेक्षा अधिक काय सांगावे?

पुढचे पान

चित्र सर्वस्वी निराशेचे नाही. शासनाने डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आणि २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. दुसऱ्या योजनेचे तत्त्व तेच जुने आहे, गाळ शेतात आणि पाणी तलावात. २०१८ साली भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने बुलडाणा जिल्ह्यात जलाशयांतील गाळ काढण्याचा मोठा उपक्रम हाती घेतला. विदर्भाच्याच पश्चिम टोकाला आपल्या समाजाच्या संघटनेने हे काम केले, ही अभिमानाची बाब आहे. २०१९ पासूनच्या जलजीवन मिशनने घराघरात नळ पोहोचविण्याचे काम केले. पण नळ हे पाण्याचे उगमस्थान नव्हे. केंद्र शासनाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या देशातील पहिल्या जलाशय गणनेत चोवीस लाखांहून अधिक जलाशयांची नोंद झाली आणि त्यांपैकी अडतीस हजारांहून अधिक जलाशयांवर अतिक्रमण आढळले. आपल्या वाट्याचे जलाशय कोणत्या रकान्यात राहावेत, हे ठरविणे अजून आपल्या हाती आहे.

यंत्र लावून गाळ एकदा काढता येतो. परंतु दरवर्षी पाळ पाहावयाची कोणी, हा १९५१ मध्ये अनुत्तरित राहिलेला प्रश्न आजही तेथेच आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याचे उत्तर एवढेच, की ज्याला पाण्याचा हक्क, त्याच्या नावावर कामाचा वाटाही लिहिला गेला पाहिजे. गोंड राजांच्या तुकुमात हे होते. मालगुजाराच्या काळी ते जबरदस्तीने होते. आता ते स्वेच्छेने आणि सर्वांच्या समान अधिकाराने व्हावयास हवे.

या दृष्टीने सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टसमोर तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, मंदिराच्या आवारातील विहिरीवरील स्लॅब काढून, विहीर उपसून, वर सुरक्षित लोखंडी जाळी बसवावी. दुसरी, मंदिर व सभागृहाच्या छपराचे पाणी, विहिरीत नव्हे तर तिच्या शेजारी खड्डा करून, वाळू-गिट्टीतून गाळून जमिनीत मुरवावे. तिसरी, दानपेटीतील रकमेचा ठरावीक हिस्सा ‘पाणी घसारा निधी’ म्हणून वेगळ्या खात्यात दरवर्षी जमा करावा आणि तो गावच्या तलावाच्या पाळीवर, गावकऱ्यांच्या व ग्रामसभेच्या सल्ल्याने, फक्त देखभालीसाठी खर्च व्हावा. त्यावर नावाची कोनशिला बसवू नये. नवीन वास्तूला दाते मिळतात. जुन्या पाळीवर चार टोपल्या माती टाकण्यासाठी मिळत नाहीत, हा माझा ट्रस्टच्या हिशेबातील अनेक वर्षांचा अनुभव आहे.

पहिल्या सूचनेचा संपूर्ण खर्च मी स्वतः करावा, अशी माझी इच्छा आहे. ते दान समजू नये. ती जुन्या ठरावाची दुरुस्ती आहे. येत्या सर्वसाधारण सभेत स्लॅब काढण्याचा ठराव मीच मांडणार आहे आणि या वेळी त्या वडीलधाऱ्या सभासदांचा प्रश्न कार्यवृत्तात लिहून घ्यावा, अशी विनंती करणार आहे. ते आज हयात नाहीत. आपल्या परवानगीने ठराव मंजूर झाला आणि विहिरीला पुन्हा पाणी आले, तर जिवाणी सोडण्याची कडीची बादली आमच्या माळ्यावर अजून जपून ठेवलेली आहे.